वर्कशॉपला आलेली विजयंता

पार्सल उघडले तेव्हा माझा चेहरा पडला आणि वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, उजळला. परदेशातून निघून, कस्टममध्ये तीन आठवडे मुक्काम करून, एका बाजूने चेपलेल्या अवस्थेत ते खोके भिंगारला आमच्या घरी पोहोचले होते. आत विजयंता रणगाड्याच्या १:३५ प्रमाणातल्या मॉडेलच्या रेझिन किटचे जे काही उरले होते त्याला सुटे भाग म्हणावे की तुकडे, हे पहिल्या नजरेत कळत नव्हते. डावे मडगार्ड मधोमध मोडले होते. तोफेची नळी निबर भेंडीसारखी वाकली होती. धूर सोडणाऱ्या नळकांड्यांचा एक संच भुगा होऊन पिशवीच्या तळाशी बसला होता, आणि बारा चाकांपैकी अकराच भरली. बारावे पार्सलमधून सांडले की मुळात घातलेच नव्हते, हे किट बनवणाऱ्या कारागिराला विचारूनही शेवटपर्यंत कळले नाही. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, खोक्यात डोकावून पाहिले आणि समाधानाने म्हणाले, "बरोबर आहे. आमच्याकडे विजयंता अशीच यायची."

अण्णा लष्कराच्या ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या, तोफा आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये, बावीस वर्षे व्हेईकल मेकॅनिक होते, आणि त्यातल्या बऱ्याच वर्षांत त्यांचे हात कोपरापर्यंत विजयंताच्या पोटात बुडालेले होते. संचलनात तोफ झुकवून सलामी देत जाणारा रणगाडा सगळ्यांना माहीत असतो. अण्णांच्या आठवणीतला रणगाडा मात्र मागची झाकणे उघडी टाकून, खाली तेलाचे ट्रे लावून, कोणीतरी त्याच्याकडे बघण्याची वाट पाहत शेडमध्ये उभा असतो. मला करायचा होता तो पहिला. शेवटी झाला तो दुसरा, आणि ते कसे घडत गेले तेच इथे लिहायचे आहे.

नगरला लहानपण गेलेल्या माणसाला रणगाड्यांचे वेड कुठून आले हे सांगावे लागत नाही. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी बोलताना तोंडातून अजून नगरच निघते, आणि त्या नगरच्या माझ्या आठवणींत किल्ल्याच्या बरोबरीने खारेकर्जुन्याकडच्या के. के. रेंज या लष्करी सराव क्षेत्रातले आवाज आहेत. तिकडे तोफा चालल्या की आमच्या मांडणीवरचे पेले किणकिणत असत, आणि नवीन आलेले पाहुणे दचकून छताकडे पाहत असत. पुढे १९९४ साली इथे रणगाडा संग्रहालय सुरू झाले. शाळेच्या सहलीबरोबर गेलो तेव्हा बाकीची मुले रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीभोवती आणि युद्धात पकडून आणलेल्या पॅटन रणगाड्यावर घुटमळत होती, आणि मी विजयंतासमोर उभा राहून आपल्या वडिलांनी हिचे नेमके काय काय उघडले असेल, याचा अंदाज बांधत होतो.

विजयंताची मूळ आखणी ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीची. १९६१ साली करार झाला, १९६३ मध्ये पहिले नमुने तयार झाले, आणि पुढे मद्रासजवळच्या आवडी येथील कारखान्यात दोन हजारांहून अधिक विजयंता बनल्या. भारतात बनलेला हा पहिला मुख्य रणगाडा. वजन सुमारे ३९ टन, चौघांचा ताफा, १०५ मिलिमीटरची तोफ, दोन्ही बाजूंना सहा-सहा मोठी चाके. तिच्याच हलवर, म्हणजे खालच्या धडावर, पुढे १३० मिलिमीटरची तोफ बसवून कॅटापल्ट नावाची फिरती तोफ तयार झाली. एवढा मोठा इतिहास असूनही, मी शोधत होतो त्या काळात, मोठ्या कंपन्यांपैकी एकीचेही प्लॅस्टिकचे विजयंता किट बाजारात मिळत नव्हते. जर्मनीचा 'टायगर १' रणगाडा साधारण साडेतेराशेच्या संख्येने बनला, पण त्याची किटे निवडायला बसलो तर संध्याकाळ होईल, इतकी आहेत. मला याचा राग येतो, आणि तो राग फारसा न्याय्य नाही हेही कळते. प्लॅस्टिकच्या किटसाठी लागणारे पोलादी साचे इतके महाग असतात की हजारोंनी खोकी खपल्याशिवाय ते पैसे सुटत नाहीत. रेझिनचे तसे नसते. एक माणूस आपल्या गॅरेजमध्ये एक मूळ नमुना घडवतो, त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा काढतो, त्या साच्यात पॉलियुरेथेन रेझिन ओततो. तो रबरी साचा काही डझन नग निघेपर्यंत टिकतो, मग फाटू लागतो. म्हणून जगात ज्या गाडीवर पाच-पन्नास जणांचेच प्रेम असेल, ती रेझिनमध्येच मिळते, आणि त्या गॅरेजवाल्याच्या हाताचे सगळे गुणदोष सोबत घेऊन येते.

१:३५ या विचित्र आकड्याबद्दलही लोक विचारतात. तीस नाही, चाळीस नाही, पस्तीसच का? टामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचे चालते खेळणे काढले, त्यात मोटर आणि दोन बॅटऱ्या मावतील एवढे अंग ठेवले, आणि मागाहून मोजले तर ते मूळच्या पस्तिसाव्या भागाइतके भरले. बॅटरीच्या मापावरून साऱ्या जगाचे प्रमाण ठरले. या प्रमाणात विजयंताची हल साडेबावीस सेंटिमीटर लांब आणि नऊ सेंटिमीटर रुंद होते, तोफेचे छिद्र बरोबर तीन मिलिमीटरचे होते, आणि अण्णा स्वतः पाच सेंटिमीटरचेही भरत नाहीत. मी गंमत म्हणून वजनही काढले. लांबी पस्तीस पट घटली की वजन पस्तीसच्या घनाने, म्हणजे ४२,८७५ पटीने घटते. ३९ टनांना तेवढ्याने भागले की साधारण ९०० ग्रॅम येतात. प्लॅस्टिकचे मॉडेल हातात घेतले की ते रिकाम्या काडेपेटीसारखे लागते. रेझिनची ही हल तळहातावर ठेवली तेव्हा हात किंचित खाली गेला, आणि अण्णांनीही ती दोनदा उचलून पाहिली.

कामाची सुरुवात भांडी घासण्याने होते. साच्यातून भाग सुटून यावा म्हणून त्याला एक तेलकट द्रव्य लावलेले असते. ते धुतले नाही तर पुढे ना गोंद धरतो ना रंग. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन मी न्हाणीघरात बसलो, अण्णांच्या सुनेने एकदा डोकावून पाहिले आणि काही न बोलता गेली. त्यानंतर कापाकापी. प्रत्येक भाग एका जाड ठोकळ्याला चिकटलेला असतो, कारण रेझिन तिथूनच साच्यात ओतलेले असते, आणि तो ठोकळा नेमका कुठे संपतो आणि भाग कुठे सुरू होतो, हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. यासाठी सोनाराकडची केसासारख्या पात्याची करवत उत्तम. कानस आणि वॉटर पेपर मात्र पाण्यातच चालवायचा. रेझिनची कोरडी भुकटी पिठापेक्षा बारीक असते आणि फुप्फुसात गेली तर चांगली नाही. मी मास्क लावून, ताटात पाणी घेऊन घासत असे. संध्याकाळपर्यंत ताटातले पाणी ताकासारखे दिसू लागे.

मडगार्ड जोडणे हे पहिले खरे काम होते. प्लॅस्टिकचा गोंद प्लॅस्टिक विरघळवून दोन कडा एकजीव करतो. रेझिन त्यात विरघळत नाही, त्यामुळे इथे फेविक्विक किंवा अरल्डाइट हेच दोन आधार. पण नुसत्या गोंदावर उभा केलेला सांधा पहिल्या धक्क्याला सुटतो, म्हणून दोन्ही तुकड्यांच्या कडांमध्ये समोरासमोर पाऊण मिलिमीटरची भोके पाडून त्यांत पितळी तारेच्या खुंट्या बसवायच्या. भोके समोरासमोर आणणे हीच अडचण. मी एका कडेवर तारेचे टोक किंचित बाहेर ठेवून त्यावर रंगाचा थेंब लावला, दुसरा तुकडा टेकवला आणि उमटलेल्या ठिपक्यावर ड्रिल धरले. अण्णा बाजूला खुर्ची टाकून बसले होते. "गॅस्केट कापताना आम्ही ग्रीस लावून असाच ठसा घ्यायचो," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी आपली खुर्ची तिथून हलवली नाही.

सांध्यात राहिलेली फट भरायला खाण्याचा सोडा वापरतात, हे त्यांना आधी पटले नाही. फटीत चिमूटभर सोडा घालून वर फेविक्विकचा थेंब सोडला की सोड्याच्या अल्कधर्मी गुणामुळे गोंद तत्क्षणी घट्ट होतो, बारीकशी वाफ येते, डोळे चुरचुरतात आणि फटीच्या जागी दगड तयार होतो. तो लगेच घासून सपाट करायला हवा. दुसऱ्या दिवशी घासायला गेलो तर तो आजूबाजूच्या रेझिनपेक्षा कठीण झालेला असतो. कानस त्याला सोडून शेजारच्या मऊ भागालाच खाते, आणि उंचवटा जिथल्या तिथे राहून दोन्ही बाजूंना खड्डे पडतात. हे मला माहीत होते. तरीही एका रात्री कंटाळून तसाच झोपलो, आणि दुसऱ्या दिवसाचे चार तास त्या एका उंचवट्यात गेले.

वाकलेल्या नळीने अधिक नाचवले. रेझिनचा वाकलेला भाग सरळ करायचा साधा उपाय म्हणजे चहाला ठेवतो त्याहून जरा कमी गरम पाणी. भाग त्यात मिनिटभर ठेवला की तो शिजलेल्या शेवयांसारखा मऊ पडतो, मग काचेवर सरळ दाबून धरायचा आणि तसाच गार पाण्यात सोडायचा. नळी सरळ झाली. ती मी खिडकीजवळच्या फळीवर उभी करून ठेवली. एप्रिल चालू होता आणि नगरचे एप्रिल नगरच्याच लोकांना माहीत. आठवड्याभरात तिने पुन्हा मान टाकली. लांब आणि बारीक रेझिन उन्हाळ्यात स्वतःच्या वजनानेही झुकते. अखेर मी कागदावर मापे काढून एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे गेलो आणि ॲल्युमिनियमची नळी कातून मागितली. त्याने कागद उलटसुलट पाहून विचारले, "हे बसणार कशात? बेअरिंगमध्ये?" मी म्हणालो, कशातच नाही, नुसते दिसणार आहे. तेव्हा त्याने हातातला मायक्रोमीटर खाली ठेवला आणि चहा सांगितला. काम मात्र त्याने नंबरी केले. तोंडाशी तीन मिलिमीटरचे छिद्र इतके स्वच्छ होते की आतली गोल भिंत चमकत होती.

नळीच्या मध्यावर जो फुगवटा असतो तो शोभेचा नाही, हे लहानपणी अण्णांनीच सांगितले होते, पण त्या दिवशी त्यांनी लेथवरून आलेली नळी हातात धरून पुन्हा समजावले. गोळा नळीतून पुढे जाताना त्याच्या मागचा जळता वायू बारीक तिरप्या छिद्रांतून त्या फुगवट्याच्या पोकळीत भरून बसतो. गोळा तोंडातून सुटला की नळीतला दाब एकदम उतरतो आणि पोकळीतला वायू तोंडाच्या दिशेने बाहेर उसळतो. जाताना नळीत उरलेला धूर आपल्याबरोबर ओढून नेतो. मागचा दट्ट्या उघडला की तो विषारी धूर आत बसलेल्या माणसांच्या तोंडावर येऊ नये, एवढ्यासाठी ही सोय. "ती छिद्रं बुजली की गोळे भरणारा लोडर सांगायचा, साहेब, आज फार खोकला येतोय," अण्णा म्हणाले. माझ्या मॉडेलमध्ये ती छिद्रे नाहीत. असती तर केसाहून बारीक असती, आणि फुगवट्याच्या आत असल्यामुळे कुणाला दिसलीही नसती, पण ती नाहीत हे मला माहीत आहे.

बाराव्या चाकासाठी मात्र स्वतःच साचेकार व्हावे लागले. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत रबरी साच्यांतून मूर्ती सुटून येताना मी पाहिल्या होत्या, त्यामुळे प्रकार अगदी अनोळखी नव्हता. अकरापैकी सर्वांत चांगले चाक निवडले, त्याच्यावरचे दोन बुडबुडे एम-सीलने बुजवले आणि मुलीच्या खेळण्यातल्या मातीच्या थरात ते मागच्या बाजूने रोवले. भोवती व्हिजिटिंग कार्डाच्या भिंती उभ्या केल्या. आरटीव्ही हे साच्याचे सिलिकॉन रबर आणि ते घट्ट करणारे हार्डनर ढवळून, हात शक्य तितका उंच धरून, दोऱ्याएवढ्या धारेने एका कोपऱ्यात ओतू लागलो. उंचावरून ओतण्याचे कारण असे की धार बारीक होताना तिच्यात अडकलेले हवेचे फुगे ताणले जाऊन फुटतात, आणि एका कोपऱ्यातून ओतण्याचे कारण असे की रबर हळूहळू पसरत चाकावर चढते आणि पुढची हवा ढकलत नेते. ते दृश्य मला पुरणाच्या पोळीवर तूप पसरते तसे दिसले. दुसऱ्या दिवशी साचा सोलून काढला, त्यात पावडरच्या डब्यातली टाल्कम भुरभुरवून जादाची झटकून टाकली, कारण कोरड्या पावडरच्या थरावरून रेझिन बारीक कोपऱ्यांत चांगले ओढले जाते, आणि मग रेझिनच्या दोन बाटल्यांतले द्रव समान मापाने एकत्र केले.

यानंतर हातात चार-पाच मिनिटे असतात. पिवळसर, मधासारखे पारदर्शक द्रव साच्यात गेले; मी टाचणीने नट-बोल्टांच्या जागा टोचत राहिलो. मध्येच एका ठिकाणी पांढरी छटा आली, दुधात विरजण पडल्यावर कडेला आधी घट्टपणा दिसतो तशी, आणि बघता बघता सगळे चाक अपारदर्शक झाले. साचा हाताला गरम लागत होता. पहिल्या चाकाच्या काठावर मोठा बुडबुडा निघाला, दुसरे एका बाजूला पातळ झाले, तिसरे बरे निघाले. अण्णांनी तिन्ही चाके टेबलावर ओळीने मांडली, बाजूने डोळा लावून पाहिले आणि दुसरे उचलले. मी म्हणालो, ते पातळ आहे, अण्णा. "म्हणून तर. घासलेलं रबर आहे या चाकाला. सगळी बारा चाकं एकसारखी नवीन कुठल्या रणगाड्याला असतात?" मी ते बसवले. डाव्या बाजूचे चौथे चाक आजही इतरांपेक्षा किंचित झिजलेले दिसते, आणि ती माझी चूक होती हे लिहिल्याशिवाय कुणाला कळणार नाही.

इथपर्यंत आमचे एकमत होते. खरा वाद मागच्या झाकणांवरून झाला.

विजयंताच्या पाठीत लेलँडचे एल-६० इंजिन असे. त्याची रचना मोठी चमत्कारिक: उभे सहा सिलिंडर, प्रत्येकात समोरासमोर धावणारे दोन पिस्टन, म्हणजे एकूण बारा, एक क्रँकशाफ्ट वर आणि एक खाली, सिलिंडरला हेड नाही, झडपा नाहीत. हाती येईल ते इंधन चालावे, अशा अपेक्षेने हे दोन फटक्यांचे (टू-स्ट्रोक) यंत्र निवडले गेले होते. कागदावर ते देखणे आहे. प्रत्यक्षात त्याने ब्रिटिशांच्या चीफ्टन रणगाड्यावरही गळतीने आणि लायनरच्या सीलांनी लोकांना सळो की पळो करून सोडले. अण्णा त्या इंजिनाबद्दल अवघड स्वभावाच्या पण जवळच्या नातेवाइकाबद्दल बोलावे तसे बोलतात. दुसऱ्या कुणी नाव ठेवले तर त्यांना खपत नाही. त्यांचे म्हणणे असे की झाकणे बंद ठेवलेली विजयंता करायची असेल तर चौकातल्या चबुतऱ्यावरची करावी, तिथे आत काही नसतेच. झाकणे उघडी दाखव.

"आत इंजिन करावं लागेल, अण्णा. सहा महिने जातील."

"इंजिन कशाला? ते मोठ्या दुरुस्तीला बेस वर्कशॉपला गेलंय. दुसरं यायचंय." थोडे थांबून म्हणाले, "आमची निम्मी नोकरी त्या रिकाम्या खड्ड्याकडे बघण्यात गेली."

झाकणे हलच्या वरच्या भागातच एकसंध ओतलेली होती. ती कापायची म्हणजे महिनाभर धुऊन, घासून, जोडून नीट केलेल्या गोष्टीला परत भोसकायचे. मी दोन दिवस टाळले. मग पेन्सिलीने रेघ आखली, रेघेच्या आतून पाऊण मिलिमीटरच्या भोकांची रांग पाडली आणि भोकांमधल्या भिंती सुरीच्या टोकाने एकेक करून तोडल्या. शेवटची भिंत तुटली तेव्हा तुकडा आत पडल्याचा 'टक्' असा आवाज झाला. आतल्या बाजूंना भिंती हव्या होत्या. इंजिनाची खोली आणि माणसांची खोली यांच्यामधला आगीला अडवणारा पडदा तर हवाच. तो मी मुदत संपलेल्या एटीएम कार्डाचा केला. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर, म्हणजे पस्तीस पटीने सुमारे सव्वीस मिलिमीटर. त्या पडद्यासाठी जरा जाडच, पण कडा घासून पातळ दाखवता आल्या. बँकेच्या नावाची उठावदार अक्षरे घासून काढताना जो आनंद झाला तो या लेखाचा विषय नाही. नळ्यांसाठी सोल्डरची तार, क्लिपांसाठी शीतपेयाच्या डब्याचा पत्रा. अण्णा आठवून सांगत, मी करी, आणि कधी कधी ते मध्येच डोळे मिटून हवेत हात फिरवीत. हातांना आठवत होते, शब्दांना नव्हते. एका नळीची जागा त्यांनी तीनदा बदलली. चौथ्यांदा म्हणाले, "राहू दे. अंधारातच काम करायचो तिथं."

रंगाला पावसाळा लागला, आणि तो माझ्या आळसाचा दोष. दमट हवेत स्प्रे मारला की रंग सुकताना हवेतले पाणी धरतो आणि पृष्ठभागावर राखेसारखा पांढरा पडदा येतो. एक थर त्यात गेला, तो पुन्हा वॉटर पेपरने उतरवला. शेवटी कोरडा पडलेला एक आठवडा पकडून मोटारगाड्यांचा करडा प्रायमर मारला. प्रायमर निर्दय असतो. आतापर्यंत न दिसलेला प्रत्येक ओरखडा, प्रत्येक सुईएवढे भोक तो एका रंगात आणून उघडे पाडतो. त्यावर लष्करी हिरवा. हा हिरवा बाटलीतून जसाच्या तसा लावायचा नसतो. रणगाडा आपण लांबून पाहतो, मधल्या हवेमुळे तो फिकट भासतो. तोच रंग हातभर अंतरावरच्या छोट्या वस्तूवर लावला तर काळाकुट्ट दिसतो. म्हणून त्यात थोडा पिवळसर करडा मिसळून तो उजळावा लागतो.

मग मळवण्याची वेळ आली, आणि ज्या कलेचा मला अभिमान होता तीत माझी पुरती फजिती झाली. मॉडेल करणाऱ्यांना चिखल फार प्रिय असतो. मी गेरू, कोळशाची पूड आणि के. के. रेंजच्या बाजूने आणलेली माती वस्त्रगाळ करून तीन डब्या तयार ठेवल्या होत्या. कडांवर तपकिरी रंगाचे गंजाचे ठिपके तर आधीच देऊन टाकले होते. अण्णांनी पाहिले. "एवढा गंज दाखवलास तर साहेब मला आत टाकील," ते म्हणाले. "आणि माती कशी राहील? वर्कशॉपच्या फाटकात पहिली धुवायची गाडी. चिखलातल्या गाडीला मेकॅनिक हात लावत नाही." याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजवर मासिकांत पाहिलेली कितीतरी बक्षीसपात्र मॉडेले माझ्या डोळ्यांसमोरून गेली, ज्यांत उघड्या इंजिनाभोवती हातभर चिखल लिंपलेला असतो. त्या सगळ्यांना फाटकातून परत पाठवायला हवे होते. मी गंज रंगवून झाकला आणि डब्या फडताळात ठेवून दिल्या. फक्त चाकांच्या मागे, पाण्याचा फवारा पोहोचत नाही अशा खाचांत, थोडी काळी माती ठेवायची परवानगी मिळाली.

तेल मात्र हवे होते, आणि तेलाच्या बाबतीत अण्णांइतका चोखंदळ माणूस मी पाहिलेला नाही. डिझेल सांडले तर पातळ पसरते, सुकते आणि त्यावर धूळ बसून कडेला गडद, मध्ये फिकट असा डाग राहतो. इंजिन ऑइल सुकत नाही. ते काळे, ओले, चकाकते राहते आणि उभ्या पत्र्यावरून जाड ओघळ घेत खाली उतरते. मी काळा आणि तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये कालवून, टोकाला तीन केस उरलेल्या ब्रशने, उघड्या खड्ड्याच्या काठापासून एक ओघळ सोडला. मग वर चकचकीत वार्निशचा हात. "आणखी," ते म्हणाले. दुसरा ओघळ. "आणि इथं हाताचा." झाकण धरून उचलतात त्या कडेवर चार बोटांचे काळपट ठसे. प्रत्येक बोट अर्धा मिलिमीटर. ते मी ब्रशने न काढता टाचणीच्या डोक्याने टेकवले, आणि अण्णा पुढे वाकून बराच वेळ त्या चार ठिपक्यांकडे पाहत राहिले.

हे सगळे दसऱ्याच्या आधी संपले. खंडेनवमीला अण्णा दरवर्षी आपले पाने, ड्रायव्हर, फीलर गेज पुसून, पाटावर लाल कापड घालून मांडतात. निवृत्तीनंतर एकही वर्ष चुकलेले नाही. यंदा त्यांनी त्या मांडणीच्या मधोमध विजयंता ठेवली. झेंडूची फुले वाहताना माझ्या मुलीचा कोपर रिंग पान्यांच्या चळतीला लागला, ३२ नंबरचा पाना घसरला आणि थेट मडगार्डवर आला. आवाज फार मोठा झाला नाही. मी उचलून पाहिले तर मोडले होते, पण गंमत अशी की मी जोडलेल्या सांध्यात नव्हे, त्याच्या बोटभर पुढे, जिथे मूळचे अखंड रेझिन होते तिथे. पितळी खुंट्या तशाच धरून होत्या. सोबत पुढच्या दिव्याचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा उडाला होता.

मुलगी रडू लागली. अण्णांनी तिला जवळ घेतले, दुसऱ्या हाताने टेबलाच्या खणातून एक पाठकोरा कागद काढला आणि त्यावर आपल्या टाक घासल्यासारख्या अक्षरात लिहिले: वाहन विजयंता, दोष डावे मडगार्ड, एक दिवा गहाळ, दाखल नवमी. तो कागद त्यांनी पाटाला टाचणीने लावला. मग आतल्या खोलीत जाऊन स्पीकरमधून काढलेले आपले जुने गोल लोहचुंबक दोरीला बांधून घेऊन आले आणि कपाटाखाली फिरवू लागले. रेझिनला चुंबक चिकटत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितले. "माहीत आहे," म्हणाले, आणि फिरवतच राहिले. दोन स्टेपलच्या पिना, एक शिवणाची सुई आणि आमच्या जुन्या सायकलचा एक छर्रा एवढे वर आले.